बाज आणि डेन्मार्कची खुर्ची

निजामाच्या काळात आमच्या बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यात खुर्ची म्हणजे अंमल. ती साहेब आला की चावडीत निघायची, बाकीच्यांनी घोंगडीवर बसायचं. सुताराला बलुतं मिळायचं ते औतांचं. नांगर, तिफण, गाडीची चाकं, फार तर घरात एखादी बाज. खुर्ची घडवायचं त्याला कारणच पडलं नाही.

पण त्या बाजेकडे नीट बघावं. आमचे अण्णा बाभळीचे खूर तासून किकऱ्यानं वेज पाडायचे आणि कुसू इतका घट्ट ठोकायचे की खिळा लागत नसे. दोर वळणं हे मातंग समाजाचं परंपरागत काम. बांधाकडेची अंबाडी पाण्यात कुजवायची, वाख सोडवायचा, वाळवायचा, मग पीळ द्यायचा. विणताना पायथ्याशी हातभर जागा मोकळी ठेवून तिथं ताणाची दोरी ओवायची. झोळ पडला की तेवढीच दोरी ओढायची, बाज पुन्हा ताठ. अख्खी वीण उसवायची गरज नाही. ही अक्कल कुठल्या शाळेतून आलेली नव्हती.

डेन्मार्कच्या खुर्च्यांचा इतिहास वाचताना मला सारखी ही बाजच दिसते. तिथं कोरं क्लिंट यांनी १९२४ पासून कोपनहेगनच्या अकादमीत फर्निचर शिकवलं. विद्यार्थ्यांना ते आधी मापं घ्यायला लावत. माणसाच्या शरीराची आणि जुन्या, टिकलेल्या वस्तूंची. त्यांचे विद्यार्थी बोर्गे मोगेन्सन १९४२ मध्ये तिथल्या ग्राहक सहकारी संस्थांच्या महासंघात फर्निचर विभागाचे प्रमुख झाले. काम एकच : साध्या कुटुंबाला परवडेल असं सामान काढायचं. १९४७ ची त्यांची जे-३९ खुर्ची तशीच आहे. सरळ गोल पाय, पाठीला एक रुंद फळी, आसन विणलेलं. महायुद्धात बाहेरून येणारं समुद्रगवत बंद झालं होतं, म्हणून तिकडे कागदाला पीळ देऊन दोरी केली जात होती. तीच या आसनाला लागली. कागदाची दोरी! आणि ती वर्षानुवर्षं टिकते. हान्स वेग्नर तर चांभाराचा मुलगा, स्वतः सुतारकाम शिकलेला. १९४९ मध्ये त्यानं रेखाटलेल्या, वाय आकाराच्या पाठीच्या खुर्चीला सुमारे १२० मीटर कागदी दोरी लागते, आणि आसन आजही हातानंच विणतात.

म्हणजे त्यांच्याकडे काय होतं? सुताराचा हात, दोरी, टंचाई आणि सहकार. यातलं आमच्याकडे काय नव्हतं? हैदराबाद मुक्त झालं १९४८ मध्ये. शेजारच्या नगर जिल्ह्यात विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना उभा केला आणि १९५० च्या अखेरीस तिथं गाळप सुरू झालं. सहकाराची ताकद आपण डेन्मार्कइतकीच ओळखली होती. पण आपला सहकार साखरेत रमला, आणि बीडचे हात त्यानं घेतले ते ऊस तोडायला. अण्णांच्या बाजेसमोर कागद-पेन्सिल घेऊन कुणी बसलं नाही, याची मला फार हळहळ वाटते. मग लोखंडी पाइपचा पलंग आला, नायलॉनची पट्टी आली, त्यामागून प्लॅस्टिकची खुर्ची. वाख वळणाऱ्याचं काम गेलं, आणि त्याच्या मुलानं कोयता घेतला.

यंदा मी जे-३९ च्या मापाची खुर्ची बाभळीत केली. बाभूळ जड, पण कुसू धरते झकास. आसनाला अंबाडीची दोरी हवी होती. बाजेची दोरी इथं चालत नाही. ती जाड असते, कोपऱ्यात वळताना फुगते आणि तिच्या कुसळांनी मांड्या खाजतात. बारीक, एकसारखी, दुप्पट पिळाची पाहिजे. तशी वळणारे एक म्हातारे बाबा नेकनूरकडे भेटले. बोटं चालतात अजून त्यांची. त्यांना वाख मिळावा म्हणून पुढच्या पावसाळ्यात बांधावर अंबाडी टाकणार आहे, आणि वळायला शिकायला माझ्या दोन्ही पोरांना त्यांच्याकडे धाडणार आहे.