गाडी कुणाची? तिकीट, मर्जी आणि प्रतिष्ठेचा इतिहास

आपल्या आजीच्या पिढीत कुणी "गाडी चुकली" म्हणाले की ती आगगाडीच असायची. आज कुणी "गाडी आहे का?" विचारले की प्रश्न चारचाकीचा असतो. स्थळ बघायला गेले की मुलाचे शिक्षण, घर आणि गाडी. कार्यक्रमाला "पॅसेंजरने आले" असे सांगितले की समोरच्याच्या चेहऱ्यावर दया दिसते. "का, गाडी नाही मिळाली कुणाची?" म्हणजे ज्या एका शब्दात कधीकाळी हजारो माणसे एकत्र बसत होती, त्या शब्दात आता चार-पाच माणसे बसतात, आणि तीही घरचीच.

याचे नेहमीचे स्पष्टीकरण सोपे आहे. लोकांचे उत्पन्न वाढले, रस्ते सुधारले, रेल्वेत गर्दी आणि घाण वाढली, म्हणून ज्याला परवडते तो स्वतःची गाडी घेतो. हे खोटे नाही, पण अपुरे आहे. जातीच्या समाजात माणूस कशाने प्रवास करतो, हा प्रश्न त्याच्या शेजारी कोण बसते या प्रश्नापासून वेगळा काढता येत नाही. रेल्वेबद्दलचा तिटकारा आणि स्वतःच्या गाडीची प्रतिष्ठा यांचा इतिहास तपासला की ही गोष्ट स्पष्ट होते.

एकाच बाकावर बसण्याची भीती

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली प्रवासी गाडी धावली. चौदा डबे, सुमारे ४०० निमंत्रित पाहुणे, ३४ किलोमीटर अंतर. पाहुणे प्रतिष्ठित होते. पुढे ज्यांनी ही रेल्वे भरली ते प्रवासी मात्र वेगळे होते. भारतातील उच्चवर्णीय लोक इतर जातींच्या लोकांबरोबर एका डब्यात बसतील का, याची त्या काळी मोठी चर्चा होती. प्रत्यक्षात तिसऱ्या वर्गाचे डबे ओसंडून वाहू लागले. रेल्वेचे बहुसंख्य प्रवासी तिसऱ्या वर्गाचेच होते. कंपन्यांनी पैशाप्रमाणे वर्ग केले, गोऱ्यांसाठी डबे राखून ठेवले. पण हिंदूंच्या प्रत्येक जातीला वेगळा डबा देणे त्यांना परवडणारे नव्हते. तो त्यांचा समतेचा विचार नव्हता, धंद्याचा हिशोब होता.

त्याच वर्षी, १८५३ मध्ये, कार्ल मार्क्सने न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रात लिहिताना अंदाज केला होता की रेल्वेतून येणारा आधुनिक उद्योग जातींचा पाया असलेली वंशपरंपरागत श्रमविभागणी मोडून काढेल. जात इतकी भोळी नव्हती. तिने डब्यात माघार घेतली आणि फलाटावर ठाण मांडले. स्टेशनवर "हिंदू पाणी" आणि "मुसलमान पाणी" वेगळे झाले, आणि हिंदूंना पाणी पाजायला ब्राह्मण पाणीवाला नेमला गेला. प्रवासात शिजवलेले अन्न न खाणे, घरी पोचल्यावर अंघोळ करून पुन्हा सोवळ्यात येणे, असे तोडगे निघाले. प्रवास तर करायचा, पण त्याचा विटाळ धुऊन टाकायचा.

१९०९ च्या 'हिंद स्वराज'मध्ये गांधीजींनी रेल्वेवर जी टीका केली तीही या संदर्भात वाचली पाहिजे. रेल्वेमुळे प्लेग पसरतो, दुष्काळ वाढतात, हे त्यांचे आक्षेप होतेच. पण तीर्थक्षेत्री पूर्वी खरे भक्त कष्टाने जात, आता रेल्वेमुळे कुणीही पोचतो आणि ती स्थळे बिघडतात, असाही एक आक्षेप होता. पुढे त्यांनी स्वतः तिसऱ्या वर्गाने प्रवास केला आणि तिथल्या हालअपेष्टांवर लिहिले, हे मान्यच आहे. तरीही "कुणीही पोचतो" ही तक्रार नेमकी कुणाबद्दल होते, हे आपण विचारायला हवे. ज्याला गावाच्या वेशीबाहेर बांधून ठेवले होते, त्याच्यासाठी कुठेही पोचता येणे हीच मुक्तीची पहिली पायरी होती. यंत्र आणि आधुनिकता यांच्याशिवाय कष्टकऱ्याला जनावरासारख्या जगण्यातून सुटका नाही, असे बाबासाहेब गांधीवादाच्या टीकेत ठामपणे मांडतात, त्याचे कारण हेच आहे.

मसूर आणि चाळीसगाव

'वेटिंग फॉर अ व्हिसा'मधला १९०१ चा प्रसंग आपल्यापैकी बहुतेकांना पाठ आहे. पण तो प्रवासाच्या साधनांच्या नजरेने पुन्हा वाचा.

कोरेगावला नोकरीवर असलेल्या वडिलांकडे जायला लहानगा भीमराव भावाभाच्यांसोबत साताऱ्याहून निघाला. नवे कपडे होते, रेल्वेच्या प्रवासाची उत्सुकता होती. तिकीट काढले, गाडीत बसले, मसूरला उतरले. आगगाडीतल्या प्रवासाबद्दल बाबासाहेबांनी तिथे अपमानाची नोंद केलेली नाही. वडिलांना निरोप पोचलेला नव्हता, त्यामुळे घ्यायला कुणी आले नव्हते. गाडी निघून गेल्यावर स्टेशनमास्तरने चौकशी केली. मुले नीटनेटकी होती, त्याला ती ब्राह्मणाची वाटली. "महार" हा शब्द ऐकताच तो मागे सरला.

पुढचा प्रवास बैलगाडीचा होता आणि एकही गाडीवान तयार नव्हता. शेवटी दुप्पट भाडे ठरले. तेही या अटीवर की गाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवान सोबत चालत येणार. रात्रभर पाण्यासाठी ती मुले तळमळली.

रेल्वेने भाडे घेतले आणि जागा दिली. गाडीवानाने दुप्पट भाडे घेतले आणि तरीही सुरुवातीला शेजारी बसायला तयार झाला नाही. फरक कशाचा आहे? रेल्वेचा गार्ड गाडीवानापेक्षा मनाने मोठा होता असे नाही. रेल्वे दराने चालत होती, बैलगाडी मालकाच्या मर्जीने. सार्वजनिक वाहनात तिकीट हा हक्काचा पुरावा असतो. खासगी वाहनात मालक जो म्हणेल तो कायदा.

अठ्ठावीस वर्षांनी, १९२९ मध्ये, हाच धडा चाळीसगावला पुन्हा मिळाला. आता बाबासाहेब बॅरिस्टर होते, अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीचे सदस्य होते. रेल्वेने ते चाळीसगावला आले. स्टेशनपासून महारवाडा थोड्याच अंतरावर, पण एकही टांगेवाला महाराला बसवून टांगा हाकायला तयार होईना. तडजोड निघाली: टांगा भाड्याने मिळेल, पण टांगेवाला हाकणार नाही. वस्तीतल्या, टांगा हाकायची सवय नसलेल्या माणसाने लगाम धरला. नदीवरच्या फरशीवर चाक अडकले, बाबासाहेब दगडावर फेकले गेले, पाय मोडला. घोडा आणि टांगा नदीत गेले. परदेशी विद्यापीठांच्या पदव्या रेल्वेत उपयोगी पडल्या की नाही कोण जाणे, टांग्यात मात्र पडल्या नाहीत.

रूळ कुणी उचलले, घाण कुणी उचलली

म्हणून रेल्वे समतेची होती, असे म्हणून मोकळे होता येत नाही. रेल्वेच्या आत जात होतीच. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला जी. आय. पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, हे बाबासाहेबांचे गाजलेले प्रतिपादन तिथलेच. त्याच भाषणात त्यांनी दाखवून दिले होते की अस्पृश्य कामगार आयुष्यभर गँगमनच राहतो, त्याला साधे पोर्टरही होता येत नाही. कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरचीही कामे करावी लागत, आणि सवर्ण स्टेशनमास्तरला घरात अस्पृश्य चालत नसे.

स्वातंत्र्यानंतरही कित्येक दशके रुळांवर पडणारी विष्ठा साफ करणारे हात कोणत्या जातींचे होते, हे प्रत्येक स्टेशनवर दिसत होते. डब्यांना जैवशौचालये बसवायला विसावे शतक संपून पुढची दोन दशके जावी लागली. रेल्वेचा डबा काही अंशी आपला होता, रेल्वेची नोकरशाही आपली नव्हती.

तरीही रेल्वेत जे घडू शकत होते ते खासगी रस्त्यावर घडू शकत नव्हते. रेल्वेत बदलाची मागणी करता येत होती, कारण ती सार्वजनिक होती. १९७४ मध्ये तिसरा वर्ग रद्द झाला. कोकणातून निवडून गेलेले समाजवादी मधू दंडवते १९७७ मध्ये रेल्वेमंत्री झाले आणि दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बर्थवर फोम आला. त्याच वर्षी डिसेंबरात मुंबई-हावडा गीतांजली एक्स्प्रेस सुरू झाली, ती वर्गविहीन गाडी म्हणून. फक्त दुसऱ्या वर्गाचे डबे असलेली लांब पल्ल्याची वेगवान गाडी! आज ही कल्पना कुणी मांडली तर लोक हसतील. हे हसू कुठून आले?

रस्ता मोठा झाला, डबा लहान झाला

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली. मध्यमवर्गाच्या स्वप्नाला चाके मिळाली. १९९० च्या दशकात मुंबईत लोकलच्या दाराला माणसे लटकत असताना राज्याने पन्नासहून अधिक उड्डाणपुलांचा कार्यक्रम हाती घेतला. २००२ पर्यंत मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण खुला झाला. त्यावर दुचाकीला, तीनचाकीला, पादचाऱ्याला बंदी. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा, त्यावरही दुचाकीला बंदी. वेगामुळे ही बंदी योग्यच आहे, असे म्हणता येईल. पण परिणाम काय? ज्याच्या शेतातून रस्ता गेला तो शेतकरी, ज्याने उन्हात खडी टाकली तो मजूर आपल्या दुचाकीने त्या रस्त्यावर चढू शकत नाही. २०११ च्या जनगणनेनुसार देशातल्या फक्त ४.७ टक्के कुटुंबांकडे चारचाकी होती. त्यानंतर संख्या वाढली असेल, पण हे रस्ते आखले गेले तेव्हाचे चित्र हे होते.

गाडीची हाव केवळ सोयीची असती तर नॅनो खपली असती. २००९ मध्ये बाजारात आलेली ही गाडी स्कूटरवर चौघांनी बसण्यापेक्षा नक्कीच सुरक्षित होती. पण "सर्वात स्वस्त गाडी" हा शिक्काच तिला महागात पडला. कुणालाही परवडणारी गाडी कुणालाच नको होती! गाडीने आपल्याला इतरांपासून वेगळे केले पाहिजे, ही अपेक्षा तिने पूर्ण केली नाही.

दुसरीकडे रेल्वेत काय झाले? कोविडनंतर सुरू झालेल्या अनेक पॅसेंजर गाड्यांना एक्स्प्रेसचे भाडे लावले गेले. १० रुपयांचे किमान तिकीट ३० रुपयांवर गेले. ते पुन्हा १० व्हायला फेब्रुवारी २०२४ उजाडले. वंदे भारतला जनरल डबाच नाही. भाजी घेऊन तालुक्याला जाणारी बाई, कॉलेजला जाणारी मुलगी, दवाखान्यात जाणारा म्हातारा यांच्यासाठी तिकिटातले वीस रुपये म्हणजे जायचे की नाही याचा निर्णय असतो. मी वस्तीत काम करते तिथे हे रोज पाहते. ही दरवाढ सुशिक्षितांच्या चर्चेत आलीच नाही, कारण चर्चा करणारे पॅसेंजरने जात नाहीत.

याची सर्वात भीषण किंमत ८ मे २०२० रोजी दिसली. टाळेबंदीत जालन्यातून निघालेले मध्य प्रदेशचे मजूर भुसावळकडे रुळावरून चालत होते. तिथून गावी जाणारी गाडी मिळेल ही आशा होती. करमाडजवळ थकून ते रुळावरच झोपले आणि मालगाडीखाली १६ जण गेले. ज्यांच्याकडे चारचाकी होती ते त्याच दिवसांत पास काढून गावी जात होते. काही लोकांनी तेव्हाही विचारले, "रुळावर कोणी झोपते का?" रेल्वे बंद पडल्यावर ज्याच्याकडे फक्त रेल्वेची वाटच उरते, त्याला हा प्रश्न विचारणे हीच आपल्या समाजाची दृष्टी आहे.

चैत्यभूमीची गर्दी

दरवर्षी ६ डिसेंबर जवळ आला की ही दृष्टी पुन्हा बोलू लागते. नागपूर-विदर्भाकडून विशेष गाड्या सुटतात आणि कुजबुज सुरू होते: फुकटे आले, आरक्षित डब्यात घुसले, घाण केली. आषाढीला पंढरपूरसाठी विशेष गाड्या सुटतात तेव्हा ती "भाविकांची सोय" असते, दादरला येणारी मात्र "गर्दी" असते. तक्रार अस्वच्छतेची असती तर ती दोन्हीकडे सारखी ऐकू आली असती. ही १८५३ नंतरची तीच जुनी अस्वस्थता आहे: हा माझ्या बाकावर का बसला?

आपल्या माणसांनी तिकीट काढूनच प्रवास करावा, असे माझे मत आहे. कायद्यासाठी तर आहेच, पण तिकीट हे आपले शस्त्र आहे म्हणूनही. मसूरच्या त्या मुलांकडे तिकीट होते तोवर त्यांना कुणी उतरवले नाही.

आता एक आक्षेप येईल. आपल्या समाजातल्या नोकरदाराने गाडी घेतली, तिला हार घालून विहारासमोर उभी केली, मागच्या काचेवर "जय भीम" लिहिले, तर त्यात वाईट काय? काहीच नाही. ज्यांना टांगेवाल्याने नाकारले त्यांच्या नातवाने स्वतःचे स्टिअरिंग हातात घेणे ही सन्मानाचीच गोष्ट आहे. पण चाळीसगावचे उत्तर "प्रत्येकाने आपला टांगा घ्यावा" हे असू शकत नाही. शंभरातल्या पाच जणांनी टांगा घेतला की उरलेले पंच्याण्णव पुन्हा टांगेवाल्याच्या मर्जीवर. संविधानाच्या कलम १५(२) मध्ये विहिरी, तलावांबरोबर रस्त्यांचाही उल्लेख आहे. चवदार तळे सर्वांचे व्हावे म्हणून आपण लढलो. घरोघरी खासगी विहीर मागितली नव्हती.

तेव्हा स्वतःच्या गाडीतून कार्यक्रमाला येणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याने पॅसेंजरचे वेळापत्रकही आपल्या मागणीपत्रात घ्यावे. जनरल डबे वाढवा, बंद केलेल्या पॅसेंजर सुरू करा, छोट्या स्टेशनांचे थांबे परत द्या, सफाईच्या कंत्राटी कामगारांना कायम करा, आणि ६ डिसेंबरच्या गाड्या उपकार म्हणून नव्हे, नियमित वेळापत्रकाचा भाग म्हणून सोडा. प्रत्येक डीआरएम कार्यालयात ही निवेदने गेली पाहिजेत, आणि द्यायला जाताना शक्य असेल तर जनरलच्या डब्यातूनच जाऊ.

जय भीम!