उसनें नांव

न्यू ऑर्लिन्स शहरांत एकोणिसाव्या शतकांत डॉक्टर जॉन या नांवाचा एक कृष्णवर्णी वैद्य होऊन गेला. आपण सेनेगलचे राजपुत्र आहों असें तो सांगे. ताईत, जडीबुटी व भविष्यकथन यांवर त्यानें पुष्कळ पैसा मिळविला. १८८५ सालीं तो वारला, तेव्हां लॅफ्काडिओ हर्न यानें त्याच्यावर लेख लिहिला. पुढें हेंच नांव त्याच शहरांत जन्मलेल्या मॅल्कम जॉन रेबेनॅक (१९४१–२०१९) या गोऱ्या वादकानें उचललें, आणि त्याच नांवानें तो कीर्तीस चढला.

रेबेनॅक मूळचा गिटारवादक. तारुण्यांत एका झटापटींत पिस्तुलाची गोळी लागून डाव्या हाताचें बोट जायबंदी झालें, म्हणून तो पियानोकडे वळला. अमली पदार्थांपायीं तुरुंगवास भोगून १९६५ सालीं सुटल्यावर त्यानें लॉस एंजेल्स गांठलें. डॉक्टर जॉनचें पात्र त्यानें योजिलें होतें रॉनी बॅरन या गायकमित्रासाठीं. तें जमलें नाहीं, तेव्हां सोंग स्वतःच घेतलें. १९६८ सालीं ‘ग्री-ग्री’ ही ध्वनिमुद्रिका निघाली. पिसांचा मुकुट, गळ्यांत माळा, श्रोत्यांवर उधळलेली चमकी! या थाटांतील बराच भाग न्यू ऑर्लिन्सच्या कृष्णवर्णीयांच्या मार्डी ग्रा उत्सवांतूनच आलेला.

ज्यांस शतकानुशतकें नागविलें, त्यांचा वेष व मंत्रतंत्रही गोऱ्यानेंच विकावे काय? आक्षेप खोटा नाहीं. परंतु १९७२ ची ‘गम्बो’ ऐकल्यावांचून निकाल देऊं नये. तींत त्यानें मुकुट बाजूस ठेवून आपल्या शहराचीं जुनीं गाणीं गाइलीं आणि सोबतच्या टिपणांत कोणतें गाणें कोणाचें, हेंहि सांगितलें. त्याच्या गुरूंत अग्रस्थान प्रोफेसर लाँगहेअर याचें. (हा प्रोफेसर कोणत्याही विद्यापीठाचा नव्हे, तो पियानोचा होता.) डाव्या हातानें क्यूबाकडील रुंबाचा ताल धरावा आणि उजव्यानें ब्लूज खेळवावे, ही लाँगहेअरची रीत शिष्यानें आपल्या त्या जायबंदी हातानिशीं आत्मसात केली. मला तरी हें ऋण पिसांच्या मुकुटाहून मोठें वाटतें.

१९७३ सालीं अ‍ॅलन टूसान्टच्या देखरेखीखालीं व ‘मीटर्स’ या कृष्णवर्णी वादकसंचाच्या साथीनें ‘राइट प्लेस राँग टाइम’ हें फंक गीत झालें. अमेरिकेच्या लोकप्रिय गीतांच्या यादींत तें नवव्या क्रमांकास पोहोंचलें. १९८१ सालीं केवळ पियानोची एक मुद्रिका निघाली. तिचें नांव ‘डॉक्टर जॉन प्लेज मॅक रेबेनॅक’: सोंगानें सोंगाड्याला वाजविलें! कत्रिना वादळानें २००५ सालीं शहर बुडालें, तेव्हां सरकारच्या हेळसांडीवरचा संताप त्यानें २००८ च्या ‘सिटी दॅट केअर फरगॉट’मध्यें ओतला. त्या वेळीं तो सदुसष्टीच्या घरांत होता.