चिक चॉकलेट
(१९१६–मे १९६७). भारतातील आरंभीच्या जॅझ व नृत्यसंगीतातील नामवंत ट्रंपेटवादक आणि बँडप्रमुख. मूळ नाव अँटोनिओ झेवियर वाझ. जन्म गोव्यातील बार्देस तालुक्यात, हळदोणे येथे. गोव्यातील चर्चशी जोडलेल्या शाळांत मुलांना स्वरलेखन वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवीत. मुंबईच्या हॉटेलांना आणि चित्रपटसृष्टीला तिथूनच अनेक वादक मिळाले. अमेरिकन जॅझ ट्रंपेटवादक व गायक लुई आर्मस्ट्राँग हे चिक यांचे दैवत. त्यांच्या वादनाची व गायनाची धाटणी चिक यांनी इतकी आत्मसात केली, की ‘भारताचे लुई आर्मस्ट्राँग’ हीच त्यांची ओळख झाली. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात त्यांचा बँड गाजला.

त्यांचे खरे मोठे काम मात्र चित्रपटसंगीतातले आहे. पुणतांब्याचे संगीतकार सी. रामचंद्र यांच्या सुरावटींना त्यांनी स्विंगचा ठेका आणि पितळी वाद्यांचा झगझगीत भरणा दिला. ‘अलबेला’तील (१९५१) एका गाण्यात झालरींच्या बाह्या घातलेला त्यांचा बँड पडद्यावरही दिसतो. ‘नादान’ला (१९५१) त्यांनी स्वतंत्रपणे संगीत दिले. संगीतकार मदनमोहन यांच्यासाठीही त्यांनी काम केले. श्रेयनामावलीत अशा वादकांना क्वचितच जागा मिळे. खय्याम यांचे संगीत असलेल्या ‘आखरी खत’मधील (१९६६) क्लबच्या गाण्यात त्यांचा ट्रंपेट गायक भूपिंदर यांच्या आवाजाला सावकाश, ओलसर स्वरांनी उत्तर देतो.