नाण्यांचे मापन आणि जतन : डहाणू-तलासरी परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना

स्थानिक इतिहासाच्या साधनांमध्ये शिलालेख आणि कागदपत्रे यांच्याबरोबरीने नाण्यांना स्थान आहे. डहाणू व तलासरी हे तालुके १ ऑगस्ट २०१४ रोजी निर्माण झालेल्या पालघर जिल्ह्यात येतात. या परिसरातील कष्टकरी आदिवासी कुटुंबांविषयी इतरांनी बरेच लिहिले असले, तरी त्यांच्या स्वतःच्या घरात जपलेली लिखित साधने तुटपुंजी आहेत. अशा घरांत जुने नाणे सापडते तेव्हा ते केवळ चलन राहत नाही, तो त्या कुटुंबाचा दस्तऐवज ठरतो. विद्यार्थी अशी नाणी इतिहास विभागात आणतात आणि विभाग ती बाजारात मिळणाऱ्या होल्डरमध्ये बसवू पाहतो. ही कृती वरवर किरकोळ वाटते. परंतु पुरावा टिकण्याचा वा कायमचा नष्ट होण्याचा प्रश्न याच टप्प्यावर उभा राहतो. प्रस्तुत लेखात त्याचा विचार केला आहे.

वजनाने पाडलेली नाणी

डहाणूचा प्राचीन उल्लेख नाशिकच्या लेण्यांतील उषवदाताच्या लेखात सापडतो. क्षत्रप नहपानाचा हा जावई. त्याने इबा, पारादा, दमण, तापी, करबेणा आणि दाहनुका या नद्यांवर विनामूल्य नावांची सोय केल्याचे त्या लेखात नमूद आहे. दाहनुका म्हणजे डहाणूची खाडी, असे अभ्यासक मानतात. तेथीलच दुसऱ्या लेखात सत्तर हजार कार्षापण म्हणजे दोन हजार सुवर्ण, अर्थात एका सुवर्णास पस्तीस कार्षापण, असा हिशेब आला आहे. डहाणूच्या उताराची सोय करणारा हा माणूस नाण्यांचा दरही दगडावर कोरून ठेवतो, ही गोष्ट इतिहासाच्या शिक्षकाला सुखावणारी आहे.

त्या काळी हिशेब वजनाचा होता, व्यासाचा नव्हे. रॅप्सन यांच्या १९०८ सालच्या ब्रिटिश म्युझियमच्या सूचीत क्षत्रपांच्या चांदीच्या नाण्यांची वजने ग्रेनमध्ये व आकार इंचांत दिलेले आहेत. एक ग्रेन म्हणजे ०.०६४८ ग्रॅम आणि ०.६५ इंच म्हणजे सुमारे १६.५ मि.मी., हे रूपांतर विद्यार्थ्यांकडून करवून घेणे उपयुक्त ठरते. मात्र सूचीतील आकार पाहून होल्डर मागवणे चुकीचे होय. हाताने ठोकलेले नाणे पूर्ण वाटोळे नसते. १९०६ साली नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे मिळालेल्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांपैकी सुमारे दोनतृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने पुन्हा छाप मारलेला आहे. असा दुसरा घाव बसलेले नाणे पसरते, क्वचित काठाला चिरते. म्हणून सर्वांत मोठा व सर्वांत लहान असे दोन्ही व्यास घ्यावेत आणि होल्डर मोठ्या व्यासावरून ठरवावा. जाड गधैया नाणी आणि शिवराई यांच्याबाबतीत व्यासापेक्षा जाडीच निर्णायक ठरते. पातळ पुठ्ठ्याच्या होल्डरमध्ये त्या दाबून बसवल्यास पारदर्शक पापुद्रा फाटतो.

यंत्राने पाडलेली नाणी

ब्रिटिश अमलातील रुपयाचे वजन ११.६६ ग्रॅम आणि व्यास सुमारे ३०.५ ते ३०.८ मि.मी. असतो. अधेली साधारण २४ मि.मी.ची आणि पावली १९ ते २० मि.मी.ची भरते. पुठ्ठ्याच्या होल्डरच्या खिडक्या सामान्यतः अडीच मि.मी.च्या टप्प्याने मिळतात : २०, २२.५, २५, २७.५, ३०, ३२.५, ३५. रुपया तीसच्या खिडकीत जवळजवळ बसतो, आणि हे ‘जवळजवळ’च घातक आहे, त्याला ३२.५ ची खिडकी हवी. १९४७ चा निकेलचा रुपया तेवढ्याच वजनाचा असूनही २८ मि.मी.चा आहे, म्हणून तो ३० मध्ये सुखाने राहतो.

मापनासाठी भौतिकशास्त्र विभागाचा व्हर्निअर कॅलिपर मागून आणता येतो. त्याच्या पोलादी जबड्यांनी चांदीवर ओरखडे उठतात, म्हणून मध्ये पातळ कागद ठेवून त्याची जाडी नंतर वजा करावी. होल्डर पीव्हीसीचा नसावा. त्यातील मृदुकारक द्रव्य कालांतराने पाझरते आणि तांब्यावर हिरवा चिकट थर धरतो. डहाणूच्या खाऱ्या, दमट हवेत ही काळजी दुप्पट घ्यावी लागते.

कडीचा रुपया

खरा पेच येथे आहे. चांदीचे रुपये, अधेल्या, पावल्या यांना कडी झाळून माळ करण्याची रीत पश्चिम भारतातील अनेक आदिवासी व शेतकरी समाजांत होती. मे १९४५ मध्ये तेव्हाच्या उंबरगाव तालुक्यातील झरी येथे वारली शेतमजुरांची परिषद भरली, वेठबिगारीविरुद्ध लढा उभा राहिला आणि रोजी बारा आण्यांची मागणी पुढे आली. बारा आणे म्हणजे एक अधेली व एक पावली, मिळून सुमारे ८.७५ ग्रॅम, आणि १९४० नंतरच्या या नाण्यांत शुद्ध चांदी केवळ निम्मी. व्हिक्टोरिया राणीच्या रुपयात मात्र ती सुमारे ९१.७ टक्के होती. राणीचा रुपया १९४१ मध्ये चलनातून बाद झाला, तरी धातू म्हणून तो नव्या रुपयापेक्षा सरसच राहिला. ज्या घरात दिवसाची मजुरी आण्यांत मोजली जात होती, तेथे असा रुपया कडी लावून गळ्यात राहिला असेल, तर तो हौसेइतकाच बचतीचाही पुरावा मानावा लागेल.

आणि नेमकी हीच कडी होल्डरमध्ये मावत नाही. चार मि.मी. उंचीची कडी धरली तर ३०.५ मि.मी.चा रुपया ३४.५ मि.मी. होतो, शिवाय कडी आडवी उभी असल्याने जाडी वाढते ती वेगळीच. संग्राहक मग कडी कापतात, झाळ घासून काढतात आणि ‘स्वच्छ’ नाणे कॅप्सूलमध्ये बसवतात. संग्रहाच्या बाजारात कडीचे नाणे हिणकस समजले जाते, हे खरे. परंतु व्हिक्टोरियाचा साधा रुपया कोठेही मिळेल. डहाणूच्या एखाद्या घरातील माळेतला रुपया दुसरीकडे मिळणार नाही. नाण्याला होल्डरच्या मापाचे करणे हा इतिहासाच्या विभागात तरी अपराध मानला पाहिजे.

अशा नाण्यासाठी आम्लरहित पुठ्ठ्याची खोलगट पेटी करून घ्यावी. नोंदीत कडीसह व कडीविना अशी दोन्ही मापे लिहावीत, वजनापुढे ‘कडीसह’ असे स्पष्ट नमूद करावे आणि झीज राणीच्या मुखवट्याच्या बाजूला अधिक आहे की मागील बाजूला, हेही टिपावे. माळेत कोणती बाजू अंगाला लागत होती याचा अंदाज त्यावरून बांधता येतो. कडी आधीच तुटली असल्यास तिचा तुकडा वेगळ्या पाकिटात, त्याच क्रमांकाखाली ठेवावा. आणि माळ अखंड असेल तर ती ओवलेलीच राहू द्यावी, नाणी सुटी करू नयेत.