गोळीचा वेग: कोणते यंत्र खरे?

नागपुरातल्या एका नेमबाजी प्रशिक्षकांनी आम्हाला विचारले, "सर, क्रोनोग्राफ घ्यायचा आहे. उसने आणलेले दोन लावून पाहिले. एक छर्र्याचा वेग सेकंदाला १७५ मीटर दाखवतो, दुसरा १७१. कोणता घेऊ?" प्रश्न आजचा असला तरी त्याचे उत्तर जुन्या इतिहासात सापडते.

नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीच्या टेकड्यांवर भोसले आणि इंग्रज यांच्या फौजांची लढाई झाली. तिथे सुटलेल्या गोळ्यांचा वेग किती असेल? असा वेग मोजण्याचे त्या काळातले मुख्य साधन होते लंबक. इंग्लंडच्या बेंजामिन रॉबिन्सने १७४२ साली त्याची माहिती प्रसिद्ध केली होती. गोळी जड लंबकात रुतते आणि लंबक झुलतो. गोळी डोळ्यांना दिसत नाही, पण लंबकाचा संथ झोका मोजता येतो. दोघांची वस्तुमाने माहीत असली की संवेग अक्षय्यतेच्या नियमाने गोळीचा वेग काढता येतो. हवेचा विरोध समजत होते त्याहून कितीतरी मोठा आहे, हे रॉबिन्सला यातूनच कळले. मात्र गोळी लंबकातच अडकत असल्याने एकाच गोळीचा वेग वाटेत कसा घटत जातो, हे त्यावरून कळत नसे.

१८६० नंतरच्या दशकात विजेवर चालणारी दोन यंत्रे पुढे आली. बेल्जियमच्या ल बूलांजेच्या यंत्रात गोळी आधी एका चौकटीची तार तोडते. प्रवाह थांबतो आणि विद्युतचुंबकाला चिकटलेला लांब दांडा खाली पडू लागतो. दुसऱ्या चौकटीची तार तुटली की एक वजन पडून सुरीचा खटका उडवते आणि सुरी पडत्या दांड्यावर खूण करते. खुणेच्या उंचीवरून वेळ काढायची.

पण वजन पडायला आणि खटका उडायलाही वेळ लागतोच! म्हणून आधी दोन्ही प्रवाह एकाच क्षणी तोडून पाहत. तेव्हाही दांड्यावर सुमारे ११ सेंटीमीटरवर खूण उमटे, म्हणजे ०.१५ सेकंद. ही यंत्राची स्वतःची दिरंगाई. ती वजा केली की गोळीची खरी वेळ मिळे.

इंग्लंडच्या बॅशफोर्थने दुसरी वाट धरली. फिरत्या नळकांड्यावर तो एकाच गोळीच्या, ओळीने लावलेल्या दहा चौकटींमधल्या वेळा नोंदवी. यांतले चांगले कोणते? दारूचा दर्जा तपासायला ल बूलांजेचे सुटसुटीत यंत्र पुरे होते. हवेचा विरोध अभ्यासायचा तर बॅशफोर्थचेच हवे. आपला प्रश्न काय, यावर निवड ठरते.

आता प्रशिक्षकांच्या यंत्रांकडे वळू. एक प्रकाशावर चालते. सुमारे ३० सेंटीमीटर अंतरावरचे दोन संवेदक छर्र्याची सावली टिपतात. ते अंतर १ मिलिमीटरने चुकले तरी वेगात सेकंदाला अर्ध्या मीटरहून जास्त फरक पडतो. नागपूरच्या उन्हाचा झगमगाट किंवा ट्यूबलाइटची लुकलुकही त्याला फसवू शकते. दुसरे यंत्र रडारचे. छर्र्यावरून परतलेल्या लहरींच्या वारंवारतेतला बदल ते मोजते.

आम्ही पहिला प्रश्न विचारला, दोन्ही यंत्रांनी बंदुकीपासून सारख्याच अंतरावरचा वेग सांगितला का? छर्रा हवेत सतत मंदावतो, तेव्हा दोन्ही आकडे बरोबरही असू शकतील. दुसरी सूचना केली, एकाच वेळी दोन्ही लावा आणि वीस छर्रे झाडा. एखादा छर्रा दोन्ही यंत्रांना मंद दिसला तर दोष छर्र्याचा किंवा बंदुकीचा. एकालाच दिसला तर बहुधा यंत्राचा. फरक दर वेळी चारच राहिला तर दोन्ही यंत्रे चालतील. नेमबाजाला नेमका आकडा कळण्यापेक्षा प्रत्येक छर्रा सारख्या वेगाने सुटतो की नाही, हे कळणे महत्त्वाचे.

वर्गात हे बंदुकीविना करता येते. उतारावरून ५ ग्रॅमची गोटी टेबलाच्या कडेवरून सोडा. टेबल ७८.५ सेंटीमीटर उंच असेल तर गोटी ०.४ सेकंदात जमिनीवर पडते. ती ६० सेंटीमीटर दूर पडली तर वेग सेकंदाला १.५ मीटर. आता कडेशीच १ मीटर दोरीने ९५ ग्रॅमचा ओल्या मातीचा गोळा टांगा. गोटी त्यात रुतली की तो सुमारे २.४ सेंटीमीटर सरकायला हवा. तसे झाले नाही, तर कोणती रीत कुठे चुकली, हे मुलांनाच शोधू द्या.