राहुटी ते ग्लॅम्पिंग : पेम्ब्रुकशायरच्या किनाऱ्यावरून



उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही सहकुटुंब वेल्सच्या पश्चिम टोकाला, पेम्ब्रुकशायरच्या समुद्रकिनारी चार रात्री तंबूत काढल्या. तंबू म्हणजे साधासुधा नव्हे बरं का! आत लाकडी पलंग, लोकरीच्या रजया, कोपऱ्यात छोटी शेगडी, सौरदिव्यांची माळ. संडास मात्र बाहेर, आणि तोही पाण्याचा नाही. वापर झाला की वर ओंजळभर लाकडाचा भुसा टाकायचा! याला हल्ली 'इको ग्लॅम्पिंग' म्हणतात. चिपळूणहून आलेली माझी आई सगळं न्याहाळून म्हणाली, "एवढे पौंड मोजून पालात राहायचं? आपल्याकडे पालात राहणाऱ्याला कोणी दारात उभं करत नाही!"

नेमका तेव्हाच गुहागरकडच्या चुलतभावाचा फोन आला. समुद्राजवळ आमची वडिलोपार्जित वाडी आहे. दादा म्हणाला, "तिथे असेच वीस तंबू टाकू या. तू बघतोयस ना तिकडे, मग सांग कसं करायचं ते." काय सांगावं कळेना, म्हणून घरी आल्यावर या तंबूंचा इतिहास चाळायला बसलो.

'ग्लॅमरस' आणि 'कॅम्पिंग' यांची सांधेजोड करून झालेला 'ग्लॅम्पिंग' हा शब्द २००५ च्या सुमारास ब्रिटनमध्ये रुळू लागला आणि २०१६ मध्ये ऑक्सफर्डच्या मोठ्या शब्दकोशात गेला. पण ऐषारामी तंबू आपल्याला काय नवे? डेरे, राहुट्या, शामियाने, कनाती हे शब्द मराठी बखरींतून जागोजागी भेटतात. गंमत म्हणजे टिपू सुलतानाचा फुलापानांच्या नक्षीचा सुती तंबू आज वेल्समध्येच, पॉविस कॅसलमध्ये आहे. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर तो क्लाइव्ह घराण्याकडे आला, आणि पुढे त्यांच्या बागेतल्या मेजवान्यांसाठी वापरला गेला!

सामान्य माणसाने हौसेने तंबूत राहणं मात्र इथे बरंच उशिरा सुरू झालं. थॉमस होल्डिंग नावाच्या लंडनमधल्या शिंप्याने सायकलवर मावेल असा हलका तंबू लोकप्रिय केला. १९०१ मध्ये सायकलवाल्या कॅम्परांची संघटना निघाली आणि १९०८ मध्ये त्याचं कॅम्पिंगवरचं पुस्तक आलं. तंबू मिळाला, पण तो ठोकायचा कुठे? माळरानं जमीनदारांची, शिकारीसाठी राखलेली. २४ एप्रिल १९३२ ला मँचेस्टर परिसरातली कामगार पोरं किंडर स्काउटच्या डोंगरावर बंदी मोडून चढली. त्यातल्या पाच जणांना तुरुंगवास झाला. आपल्याकडे त्या काळात सविनय कायदेभंग चालू होता. इथल्या गिरणीतल्या पोरांनाही मोकळ्या हवेसाठी तुरुंगात जावं लागलं, हे वाचून मला नवल वाटलं.

युद्धानंतर ॲटलींच्या सरकारने १९४९ मध्ये राष्ट्रीय उद्यानांचा कायदा केला. १९५१ मध्ये पीक डिस्ट्रिक्ट हे पहिलं उद्यान झालं आणि २९ फेब्रुवारी १९५२ ला पेम्ब्रुकशायर कोस्ट. म्हणजे या उद्यानाची जन्मतारीख चार वर्षांनी एकदा येते! मुख्यतः किनाऱ्यासाठी राखलेलं ब्रिटनमधलं हे एकमेव राष्ट्रीय उद्यान. आपल्या डोळ्यांसमोर उद्यान म्हटलं की कुंपण आणि वाघ येतो. इथे मात्र उद्यानातच गावं आहेत, शाळा आहेत आणि बहुतेक जमीन खाजगी आहे. रोनाल्ड लॉकले या निसर्ग-अभ्यासकाने किनाऱ्याच्या पायवाटेची पाहणी केली. (मुलांनो, 'वॉटरशिप डाउन'च्या लेखकाने सशांची माहिती घेतली ती याच लॉकलेच्या पुस्तकातून!) पण १८६ मैलांची ती वाट खुली व्हायला १९७० साल उजाडलं, कारण वाटेतल्या जमीनमालकांशी एकेक करून बोलावं लागलं. आजही उद्यानात कायमची तंबूवस्ती करायची तर उद्यानाच्या प्राधिकरणाची परवानगी लागते.

आम्ही उतरलो होतो तो शेतकरी मेंढ्या पाळतो, तंबू हे त्याचं जोड-उत्पन्न. त्याने पहिल्याच दिवशी बजावलं: जाळ फक्त लोखंडी घमेल्यात करा, फाटक लावून घ्या, पाणी बेताने वापरा. हे ऐकताना मला शाळेत वाचलेलं एक पत्र आठवलं.

१६७० च्या दशकात शिवाजी महाराजांचं घोडदळ पावसाळ्याच्या तोंडावर चिपळूणजवळ छावणी करून होतं. त्यांना लिहिलेल्या पत्रात महाराज सांगतात की दाणा-वैरण बेताने वापरा. आत्ताच उधळलीत तर पावसाळ्यात घोडी मरतील. मग तुम्ही कुणब्यांचं धान्य, गवत, फाटी, भाजी उचलू लागाल आणि आहेत ते लोकही गाव सोडून जातील. गवताजवळ चूल पेटवू नका, रात्री दिवा तसाच ठेवू नका. उंदीर जळती वात पळवून नेईल! मला तर हे आपलं पहिलं 'इको कॅम्पिंग'चं नियमपत्रक वाटतं. त्यात निसर्गाचं कौतुक नाही, पण ज्यांच्या गावात मुक्काम त्यांचं नुकसान होता कामा नये, ही चिंता ओळीओळीत आहे.

कोकणात आज हाच प्रश्न आहे. १९८७ मध्ये मालवणला सागरी अभयारण्य जाहीर झालं, तेव्हा मासेमारी जाईल या भीतीने स्थानिकांनी विरोध केला. उलट वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून गावकऱ्यांना बरोबर घेऊन कासवांची घरटी राखली. आता पर्यटक कासवांची पिल्लं बघायला येतात आणि गावातल्या घरांत उतरतात. तिथे कासवं राहिली, आणि गावात चार पैसेही आले.

म्हणून मी दादाला कळवलं ते असं: वीस नको, चारच टाक. मे महिन्यात आपल्या विहिरीला पाणी किती उरतं ते आधी मोज. किनारा नियमन क्षेत्राची परवानगी काढ. समुद्राच्या बाजूला दिवे नकोत, कासवं बिचकतात. आणि सगळ्यात आधी शेजारच्या कोळीवाड्यात जाऊन विचार. होड्या ओढायची त्यांची वाट आपल्या वाडीच्या कडेनेच जाते. दादा थोडा हिरमुसला. "चारात काय सुटणार?" म्हणाला. त्याचंही खोटं नाही. त्याची दोन्ही मुलं मुंबईला आहेत, वाडी सांभाळायची त्याने एकट्याने, आणि सल्ले देणार आम्ही इथून! तेव्हा पहिल्या दोन तंबूंचा खर्च मी उचलायचा, असं ठरलंय.

आईची मात्र एक अट आहे. "संडासात भुसाबिसा काही नको हो!"

दिवाळीच्या सर्वांना हार्दिक शुभेच्छा!