टॅक्सीच्या बिल्ल्याची कथा

१० डॉलरांचा परवाना १० लाख डॉलरांचा कसा झाला, हें न्यूयॉर्कच्या इतिहासांत पाहण्यासारखें आहे. १९२९ नंतरच्या मंदींत बेकार माणसें टॅक्सीकडे वळलीं. गाड्या उदंड, उतारू थोडे. १९३४ सालीं टॅक्सीवाल्यांनीं संप केला. १९३७ सालीं हास कायद्यानें परवान्यांची संख्या गोठविली. परवान्याची खूण म्हणजे बॉनेटवर ठोकलेला धातूचा बिल्ला.

टॅक्सीवाल्याला दोन घांस सुखाचे मिळावे, हा हेतु चांगलाच होता. परंतु बिल्ला विकतां येई, आणि खरी गोम तेथेंच होती. बिल्ला धनिकांच्या हातीं गेला. चालक रोजच्या भाड्यानें गाडी घेऊं लागला. २०१४ च्या सुमारास किंमत १० लाखांवर गेली. खुद्द शहरानेंच बिल्ल्यांचे लिलांव करून तिजोरी भरली. रक्षकानेंच दुकान मांडलें म्हणावयाचें! कर्ज काढून बिल्ला घेणाऱ्यांत परदेशांतून आलेले चालक पुष्कळ होते.

मोबाइलवरून बोलावावयाच्या गाड्या २०११ पासून सुरू झाल्या होत्या. त्यांना बिल्ला लागत नसे. त्या वाढल्या तसा भाव कोसळला, कर्ज मात्र जागच्या जागीं राहिलें. २०१८ सालीं कांहीं चालकांनीं आत्महत्या केल्या, तेव्हां कोठें या नव्या गाड्यांच्या संख्येस मर्यादा आली. २०२१ च्या ऑक्टोबरांत चालक नगरभवनासमोर उपोषणास बसले. नोव्हेंबरांत शहर कर्जास हमी राहिलें आणि मुख्य सावकारानें तें १,७०,००० डॉलरांवर आणण्याचें कबूल केलें.